मुरगाव–कॅसलरॉक लोहमार्ग : दोन साम्राज्यांना जोडणाऱ्या रेल्वेचा इतिहास व मार्ग

प्रस्तावना

भारतातील रेल्वेच्या इतिहासाचा विचार करताना बोरीबंदर ते ठाणे हा १८५३ चा मार्ग, १८६३ मध्ये खुला झालेला भोर घाट आणि त्यानंतर देशभर पसरलेले ब्रिटिश कंपन्यांचे जाळे यांवरच अभ्यासकांचे लक्ष केंद्रित होते. पश्चिम किनाऱ्यावरील एका लहानशा मार्गाकडे त्या मानाने फारसे लक्ष दिले गेलेले नाही. गोव्यातील मुरगाव बंदरापासून सह्याद्री चढून कॅसलरॉकला पोहोचणारा सुमारे ८२ किलोमीटरचा, म्हणजे जुन्या मापाने ५१ मैलांचा हा लोहमार्ग होय. आज वास्कोहून हुबळीकडे जाणाऱ्या प्रवाशाला गोव्यातून कर्नाटकात आपण केव्हा शिरलो याची जाणीवही होत नाही. तथापि १८८८ पासून १९५५ पर्यंत या मार्गावरून धावणारी गाडी पोर्तुगालची हद्द सोडून प्रथम ब्रिटिश हिंदुस्थानात व पुढे स्वतंत्र भारतात प्रवेश करीत असे. दोन सार्वभौम सत्ता, दोन जकात व्यवस्था आणि दोन कायदे यांना एकाच रुळाने जोडणाऱ्या या मार्गाचा उदय, त्याची भौगोलिक रचना आणि सरहद्दीमुळे त्याच्या वाट्याला आलेले चढउतार यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

एक गोष्ट आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे. या रेल्वेचे वर्णन बहुधा दूधसागर धबधब्याच्या निसर्गशोभेपासून सुरू होते आणि तेथेच संपते. धबधब्याचे सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु हा मार्ग तेथून का नेण्यात आला, त्यासाठी पैसा कोणी दिला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न त्यामुळे झाकले जातात.

बंदराचा शोध : कारवार की मुरगाव?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास धारवाड, बेळगाव, बल्लारी हा प्रदेश कापसासाठी प्रसिद्ध होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला अचानक महत्त्व प्राप्त झाले. मात्र हा कापूस किनाऱ्यावर आणणे हे मोठेच दिव्य होते. तिनईघाट, रामघाट यांसारख्या वाटांनी लमाणांचे बैलांचे तांडे घाटाखाली उतरत. येताना धान्य व कापूस आणीत आणि परतताना मीठ, नारळ व सुकी मासळी घेऊन जात. पावसाळ्याचे चार महिने हा व्यापार जवळजवळ ठप्प होई.

यावर ब्रिटिशांना प्रथम सुचलेला उपाय कारवार हा होता. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. कारवार बंदराचा विकास करून ते रस्त्याने व पुढे रेल्वेने धारवाड-हुबळीशी जोडावे हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. कारवार-हुबळी रेल्वेच्या योजना पुढील दीड दशक सतत मांडल्या गेल्या, पण एकही प्रत्यक्षात उतरली नाही. हुबळीहून उत्तर कानड्याच्या किनाऱ्यावर उतरणारा लोहमार्ग अद्यापही झालेला नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

कारवारच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर पोर्तुगिजांच्या हद्दीत जुवारी नदीच्या मुखाशी मुरगावचे भूशिर आहे. या जागेचे महत्त्व पोर्तुगिजांना फार पूर्वीपासून ज्ञात होते. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या स्वारीने गोवा शहर संकटात सापडल्यानंतर व्हाइसरॉय कौंट ऑफ आल्व्होर याने राजधानीच मुरगावला हलविण्याचा घाट घातला होता व त्याप्रमाणे बांधकामही सुरू झाले होते. तो बेत तडीस गेला नाही. राजधानी अखेरीस मांडवीकाठच्या पणजीत स्थिरावली. परंतु मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा असल्याने पावसाळ्यात तेथे जहाजांची ये-जा अशक्य होई. मुरगावला मात्र खोल पाणी होते आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यांपासून संरक्षण देणारी भिंत बांधल्यास बारमाही बंदर उभे राहणे शक्य होते. अशा रीतीने हुबळीच्या कापसाला सोयीचे बंदर ब्रिटिश हद्दीत उभे राहत नव्हते आणि मुरगावला बंदरायोग्य जागा होती, पण पाठीशी मुलूख नव्हता. या दोन उणिवांतून रेल्वेची कल्पना पुढे आली.

१८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ हे तिसरे कारण होय. धारवाड, विजापूर, बल्लारी या भागांत अन्नधान्य वेळेवर पोहोचविता न आल्याने अपरिमित मनुष्यहानी झाली. दुष्काळी प्रदेशात रेल्वे नेलीच पाहिजे हा विचार त्यानंतर सरकारी धोरणात बळावला आणि त्यातूनच १८८२ मध्ये दक्षिण मराठा रेल्वे कंपनीची स्थापना झाली.

१८७८ चा करार

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे ब्रिटन व पोर्तुगाल यांच्यात करार झाला. ब्रिटिश वकील रॉबर्ट मोरिअर आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्व्हो हे त्याचे शिल्पकार होत. कोर्व्हो हे ब्रिटिश मैत्रीचे खंदे पुरस्कर्ते होते. मागासलेल्या पोर्तुगीज वसाहतींचा उद्धार ब्रिटिश भांडवलाच्या साहाय्यानेच होईल अशी त्यांची धारणा होती. १५ जानेवारी १८८० पासून हा करार बारा वर्षांसाठी अमलात आला.

कराराचे स्वरूप केवळ रेल्वेपुरते मर्यादित नव्हते, आणि हेच त्याचे मर्म आहे. त्यान्वये ब्रिटिश हिंदुस्थान व पोर्तुगीज हिंदुस्थान यांच्यातील खुष्कीच्या सरहद्दीवरील जकात नाके उठविण्यात आले. दोन्ही प्रदेशांना समान जकातदर लागू झाले. मुरगावपासून हुबळीकडे जाणाऱ्या रेल्वेस दोन्ही सरकारांनी मान्यता दिली. त्याच्या मोबदल्यात गोव्यातील मिठाच्या उत्पादनाचे व विक्रीचे नियंत्रण ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या हाती गेले, मद्यावरील आबकारीची व्यवस्थाही ब्रिटिश पद्धतीनुसार बदलण्यात आली. पोर्तुगीज सरकारच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई म्हणून ब्रिटिशांनी दरसाल चार लाख रुपये देण्याचे मान्य केले. चलनातही एकरूपता आणली गेली. पोर्तुगीज हिंदुस्थानची चांदीची रुपी १८८१ व १८८२ मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीत ब्रिटिश रुपयाच्याच वजनाची व कसाची पाडण्यात आली.

गोव्याच्या दृष्टीने पाहता रेल्वे व बंदर हे या सौद्यातील लाभाचे पारडे होते. मीठ आणि ताडी-माडी हे तोट्याचे. या दुसऱ्या पारड्याचे वजन लिस्बनमधील मुत्सद्द्यांना कितपत जाणवले असेल याविषयी शंका वाटते. बार्देश, तिसवाडी व सासष्टीतील मिठागरांवर हजारो कुटुंबांचा चरितार्थ चालत होता. घाटावर मीठ पाठविणे हा गोव्याचा शतकानुशतकांचा व्यापार होता. ब्रिटिशांना मात्र स्वतःच्या मीठकराच्या उत्पन्नात छिद्र पाडणारे स्वस्त गोवेकरी मीठ नको होते. परिणामी मिठाच्या उत्पादनावर कडक निर्बंध आले, आगरे ओस पडली आणि ज्या कराराने गोव्यात आधुनिक बंदर आणले त्यानेच एका जुन्या उद्योगाचा कणा मोडला. माड काढणाऱ्या रेंदेरांनाही नव्या परवाना पद्धतीची झळ बसली.

कंपनी व तिला दिलेली हमी

रेल्वे बांधण्याचा मक्ता मिळविण्यात ड्यूक ऑफ सदरलँड यांनी पुढाकार घेतला. हे उमराव रेल्वेचे निस्सीम भोक्ते होते. स्कॉटलंडमधील आपल्या जहागिरीत त्यांनी स्वखर्चाने लोहमार्ग बांधला होता आणि १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या लवाजम्यातून ते हिंदुस्थानात येऊन गेले होते. १८८१ मध्ये पोर्तुगीज सरकारशी त्यांच्या गटाचा करार झाला व लंडन येथे ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे कंपनी’ स्थापन करण्यात आली. रेल्वेबरोबरच मुरगावची लाटरोधक भिंत व धक्के बांधण्याचे कामही याच कंपनीकडे सोपविण्यात आले.

कंपनीच्या नावातील ‘गॅरंटीड’ हा शब्द विशेष महत्त्वाचा आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील जुन्या रेल्वे कंपन्यांप्रमाणेच येथेही भागधारकांना त्यांच्या भांडवलावर ठरावीक दराने व्याज देण्याची हमी सरकारने घेतली होती. रेल्वेला नफा झाला तर उत्तमच, तोटा झाला तर तो सरकारी तिजोरीतून भरून निघणार होता. ब्रिटिश हिंदुस्थानात या पद्धतीवर दादाभाई नौरोजींसारख्या विचारवंतांनी आर्थिक निःसारणाच्या संदर्भात टीका केली होती. तेथे ओझे उचलणारी तिजोरी निदान खंडप्राय देशाची होती. येथे तेच ओझे एका लहानशा वसाहतीच्या नावे लिहिले गेले. ब्रिटिशांकडून मिळणारे वार्षिक चार लाख रुपयेही हमीच्या व्याजाकडेच वळविण्यात आले. थोडक्यात, मिठाच्या नुकसानभरपाईची रक्कम गोव्यात न थांबता लंडनमधील भागधारकांच्या हाती पोहोचत होती.

१८८२ च्या सुमारास प्रत्यक्ष बांधकामास वेग आला. मुरगाव ते सावर्डे हा सखल प्रदेशातील भाग १८८७ मध्ये वाहतुकीस खुला झाला व १८८८ मध्ये घाटाचा भाग पूर्ण होऊन गाडी कॅसलरॉकला पोहोचली. दक्षिण मराठा रेल्वेने आपल्या बाजूने लोंढ्याहून मार्ग आणून तेथे भेट घेतली. दोन्ही मार्गांचे रूळ एकाच रुंदीचे, म्हणजे मीटरगेज होते. त्यामुळे सरहद्दीवर माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढविण्याची गरज उरली नाही.

मार्गाचे वर्णन

मुरगाव बंदराच्या धक्क्यापासून निघालेला मार्ग प्रथम वास्को द गामा येथे येतो. हे शहर बव्हंशी बंदर व रेल्वे यांच्या आधारानेच वाढले. पुढे दाबोळीच्या पठाराखालून कासावली, माजोर्डा असा सासष्टीच्या माडांच्या व भातशेतीच्या पट्ट्यातून तो मडगावला पोहोचतो. सासष्टीची ही जुनी बाजारपेठ रेल्वेमुळे दक्षिण गोव्याचे व्यापारी केंद्र बनली. राजधानी पणजी मात्र या मार्गापासून दूर राहिली. रेल्वेचे गणित बंदर आणि घाट यांच्यातील सर्वांत सोयीच्या रेषेचे होते. शासकीय राजधानीला त्यात स्थान नव्हते.

मडगावनंतर चांदर लागते. कदंबांच्या काळात चंद्रपूर या नावाने राजधानी असलेले हे गाव आता रेल्वेचे एक लहान स्थानक आहे. त्यापुढे जुवारीच्या खोऱ्यातील सावर्डे-कुडचडे ही जोडगावे येतात. घाटावरून येणारे धान्य, घाटाखालील नारळ व सुपारी, आणि पुढील काळात मँगनीज व लोहखनिज यांची चढउतार येथे होऊ लागली व जंगलाच्या कडेला एक नवी बाजारपेठ उदयास आली. काले ओलांडून गाडी कुळे येथे येते. हे सखल भागातील अखेरचे मोठे स्थानक. पोर्तुगीज अमलात जकातीची तपासणी येथेच होत असे. घाट चढण्यासाठी जादा इंजिन जोडण्याची जागाही हीच.

कुळे ते कॅसलरॉक हे २६ किलोमीटरचे अंतर म्हणजे ब्रागांझा घाट. पोर्तुगालच्या तत्कालीन राजघराण्याचे नाव त्यास देण्यात आले. एवढ्या अंतरात गाडी पाचशे मीटरहून अधिक उंची गाठते. चढ १:३७ इतका तीव्र आहे. ३७ फूट पुढे जाताना एक फूट वर. भोर व थळ या घाटांतील चढाचे प्रमाणही हेच असल्याने महाराष्ट्रातील वाचकास त्याची कल्पना सहज येईल. फरक असा की भोर घाट हा एका इलाख्याच्या संपन्न राजधानीकडे जाणारा मार्ग होता, तर येथे घनदाट अरण्य, मुसळधार पाऊस आणि हिवताप यांना तोंड देत तुरळक वस्तीच्या प्रदेशात काम करावे लागले. घाटात १६ बोगदे असून ओढ्यांवर अनेक पूल आहेत. सोनावळी, दूधसागर, करंझोळ ही घाटातील स्थानके होत. यांपैकी कोणत्याही ठिकाणी म्हणण्यासारखे गाव नाही. तांत्रिक गरजेपोटी ती अस्तित्वात आली. वाफेच्या इंजिनास पाणी लागे, एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीस वाट द्यावी लागे आणि उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तपासावे लागत. उतारावर ताबा सुटलेली गाडी वळवून थोपविण्यासाठी चढणीच्या बाजूड्या रुळांची सोयही करण्यात आली होती. चढताना मागून इंजिने लावून गाडी ढकलण्याची पद्धत डिझेल इंजिनांच्या काळातही चालू राहिली.

दूधसागर येथे मांडवीच्या उगमप्रवाहांपैकी एक सुमारे ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळतो आणि लोहमार्ग त्याच्या ऐन मध्यावरील पुलावरून जातो. करंझोळ मागे टाकल्यावर सरहद्द येते. त्या पलीकडील कॅसलरॉक हे ब्रिटिश हद्दीतील पहिले स्थानक व जकात ठाणे होते. तेथून तिनईघाटावरून लोंढा, आणि लोंढ्याला दोन वाटा फुटतात. एक धारवाड-हुबळीकडे जाते, तर दुसरी बेळगाव-मिरजमार्गे पुण्याकडे.

सरहद्दीचे अर्थकारण

लोंढ्याची ही दुसरी वाटच मुरगावच्या मुळावर आली असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही. १८९० च्या सुमारास दक्षिण मराठा रेल्वे पुण्याशी जोडली गेली आणि धारवाडच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. पुण्यास मीटरगेजमधून ब्रॉडगेजमध्ये माल बदलावा लागे, अंतरही कितीतरी जास्त होते. नकाशावर पाहिल्यास मुरगावचीच निवड व्हायला हवी. परंतु व्यापार केवळ नकाशावर चालत नाही. मुंबईत पेढ्या होत्या, विमा होता, दलाल होते, गिरण्या होत्या आणि युरोपला नियमित जाणारी जहाजे होती. मुरगावला केवळ धक्का होता.

त्यातच करार संपुष्टात आला. आफ्रिकेतील प्रदेशांवरून जानेवारी १८९० मध्ये ब्रिटनने पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता दिला व दोन्ही देशांचे संबंध कमालीचे बिघडले. १८७८ च्या कराराचे नूतनीकरण झाले नाही आणि जानेवारी १८९२ मध्ये त्याची मुदत संपली. जकात नाके पुन्हा उभे राहिले. कॅसलरॉक व कुळे येथे गाड्या थांबवून मालाची व प्रवाशांच्या सामानाची झडती सुरू झाली. मोकळ्या सरहद्दीच्या गृहीतावर आखलेली रेल्वे, पूर्ण झाल्यानंतर चारच वर्षांत बंद सरहद्दीच्या तोंडाशी येऊन थांबली. चार लाखांची भरपाई गेली, हमी मात्र राहिली. तिची मुदत कराराच्या मुदतीशी बांधलेली नव्हती. गोव्याच्या अंदाजपत्रकात या हमीचे व्याज हा दीर्घकाळ एक जड बोजा होऊन बसला. आकाराने लहान असलेल्या राज्याने मोठ्या शेजाऱ्याच्या भरवशावर पायाभूत सोयी उभारल्या असता जोखमीची वाटणी कशी होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१९०२ मध्ये मार्ग चालविण्याचे काम दक्षिण मराठा रेल्वेकडे देण्यात आले. १९०८ मध्ये ती कंपनी मद्रास रेल्वेशी संलग्न होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे बनली. मालकी लंडनच्या कंपनीची, भूमी पोर्तुगालची, हमी पोर्तुगीज सरकारची आणि चालक ब्रिटिश हिंदुस्थानातील रेल्वे, अशी चमत्कारिक व्यवस्था त्यातून निर्माण झाली. दुसऱ्या महायुद्धात तिचे वैचित्र्य अधिकच प्रकर्षाने दिसून आले. पोर्तुगाल तटस्थ असल्याने मुरगाव बंदरात जर्मन व इटालियन जहाजे आश्रयास होती. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या एका गुप्त ब्रिटिश पथकाने त्यांपैकी ‘एरेनफेल्स’वर छापा घातला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपान व अमेरिका यांनी परस्परांच्या स्थानबद्ध नागरिकांची अदलाबदल याच बंदरात केली. आणि या सर्व काळात बंदरापर्यंत येणारी गाडी युद्धमान ब्रिटिश हिंदुस्थानची रेल्वे चालवीत होती.

प्रवासी आणि सत्याग्रही

मालवाहतुकीत अपेक्षाभंग झाला तरी माणसांच्या वाहतुकीत या मार्गाने जे घडविले त्याचे मोल कमी नाही. उपजीविकेसाठी मुंबई-पुण्यास जाणाऱ्या गोमंतकीयांना आगबोटीखेरीज बारमाही पर्याय प्रथमच उपलब्ध झाला. पावसाळ्यात बोटी बंद पडत, गाडी चालू राही. खानसामे, वादक, खलाशी, कारकून आणि गवई यांच्याबरोबरच इंग्रजी व मराठी शिक्षणासाठी बेळगाव, धारवाड, पुणे येथे जाणारे विद्यार्थीही या गाडीने घाट चढले. मराठी वृत्तपत्रे, ग्रंथ आणि नवे विचार उलट दिशेने खाली उतरले. पोर्तुगीज प्रशासनाला कुळ्याच्या नाक्यावर कापडाचा गठ्ठा अडविता येत होता. विचार अडविणे तितके सोपे नव्हते.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे नागरी स्वातंत्र्यासाठी सविनय कायदेभंग केला. त्यांना अटक करून गोव्याबाहेर घालविण्यात आले. सप्टेंबरअखेरीस ते पुन्हा गोव्यात येण्यास निघाले तेव्हा कुळे स्थानकावरच त्यांना पकडण्यात येऊन आग्वादच्या तुरुंगात ठेवण्यात आले. १९४७ नंतर पलीकडची बाजू स्वतंत्र भारताची झाली आणि या सरहद्दीचा अर्थच पालटला. १५ ऑगस्ट १९५५ च्या सामुदायिक सत्याग्रहात महाराष्ट्रासह देशाच्या विविध भागांतील निःशस्त्र स्वयंसेवक अनेक ठिकाणांहून गोव्यात शिरले. कॅसलरॉककडील तुकड्यांनी लोहमार्गाचीच वाट धरली होती. पोर्तुगीज सैनिकांनी ठिकठिकाणी केलेल्या गोळीबारात अनेक सत्याग्रही मृत्युमुखी पडले. त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी असलेली रेल्वे वाहतूक बंद केली.

भारताच्या आर्थिक नाकेबंदीपुढे गोवा टिकाव धरणार नाही असा अनेकांचा कयास होता. प्रत्यक्षात तसे घडले नाही. दाबोळीचा विमानतळ १९५५ मध्येच उभा राहिला. बटाटे नेदरलंड्सहून, तांदूळ ब्रह्मदेशातून आणि सिमेंट जपानमधून समुद्रमार्गे येऊ लागले. याच सुमारास गोव्यातील लोहखनिजाला जपानमध्ये मोठी मागणी निर्माण झाली. हे खनिज मुख्यतः मांडवी व जुवारीतून पडावांनी मुरगावला जाई. त्यासाठी घाट चढण्याची आवश्यकताच नव्हती. घाटावरील मुलखाच्या आशेने बांधलेले बंदर खऱ्या अर्थाने गजबजले ते घाटमार्ग बंद असताना. १८७८ च्या करारकर्त्यांना हे भाकीत कोणी सांगितले असते तर त्यांनी ते हसण्यावारी नेले असते.

विलीनीकरणानंतर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर हा मार्ग भारतीय रेल्वेच्या दक्षिण विभागात समाविष्ट करण्यात आला. १९६६ मध्ये तो दक्षिण-मध्य रेल्वेकडे आणि २००३ मध्ये हुबळी मुख्यालय असलेल्या दक्षिण-पश्चिम रेल्वेकडे गेला. मुरगावला १९६४ मध्ये प्रमुख बंदराचा दर्जा मिळाला. १९९० च्या दशकात मीटरगेजचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर सुरू झालेली कोकण रेल्वे मडगाव येथे त्यास येऊन मिळाली. मुंबईला जाण्यासाठी लोंढा-मिरजचा वळसा घालण्याची गरज त्यामुळे संपुष्टात आली.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बल्लारी-होस्पेटचे लोहखनिज चीनकडे जाण्यासाठी मुरगावला उतरू लागले. कर्नाटकाने २०१० मध्ये खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातल्यावर तो ओघ आटला. त्याच वेळी उलट दिशेचा ओघ वाढत होता. मुरगावला जहाजांनी येणारा परदेशी कोळसा बल्लारी जिल्ह्यातील तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे घाट चढून जाऊ लागला. बल्लारीचा मुलूख बंदराला जोडावा ही दीडशे वर्षांपूर्वीची कल्पना होती. ती प्रत्यक्षात आली, पण कापसाच्या जागी कोळसा आला आणि उतरणाऱ्या मालाच्या जागी चढणारा माल आला. वास्कोतील रहिवाशांच्या कोळशाच्या धुळीविषयीच्या तक्रारी आणि सासष्टीतील ग्रामस्थांचा दुपदरीकरणास असलेला विरोध यांचे मूळ येथे आहे. गावे वर्षानुवर्षे या रुळांच्या कडेने नांदत आली. पण प्रवासी गाडीसाठी सोसलेली गैरसोय आणि दुसऱ्या राज्यातील कारखान्याच्या मालासाठी सोसायची गैरसोय यांत त्यांनी केलेला भेद समजण्याजोगा आहे. भार एकीकडे आणि लाभ दुसरीकडे ही तक्रार गोव्याला नवी नाही. मिठागरे बुडाली तेव्हाही ती अशीच होती.

दुपदरीकरणाचा सर्वांत बिकट प्रश्न पुन्हा ब्रागांझा घाटातच उद्भवला. कॅसलरॉक ते कुळे हा पट्टा गोव्याच्या बाजूने मोले येथील भगवान महावीर अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रातून जातो. १८८० च्या दशकात जंगल हा केवळ अडथळा होता. आता ते कायद्याने संरक्षित मूल्य आहे. दुसरा रूळ, महामार्गाचे चौपदरीकरण आणि उच्चदाबाची विद्युतवाहिनी असे तीन प्रकल्प एकाच वनक्षेत्रातून नेण्याचे प्रस्ताव पुढे आले तेव्हा २०२० मध्ये गोव्यात विद्यार्थी व अभ्यासकांनी मोठी जनजागृती केली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात या घाटातील दुपदरीकरणाचे समर्थन होऊ शकत नाही असे मत दिले. चढ १:३७ चाच राहणार असल्याने दुसरा रूळ टाकूनही या अवघड टप्प्याची क्षमता फारशी वाढणार नाही, हा त्यातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द ठरविली. आवश्यक अभ्यास करून नव्याने प्रस्ताव सादर करण्याची मुभा मात्र ठेवली.